अर्धा बहार

सोनाळा,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

हे पत्र तू उघडशील की नाही, मला माहीत नाही. पाकिटाच्या मागे माझं नाव मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. उघडायचं नसेल तर तुला आधीच कळावं म्हणून. पत्ता म्हणून 'स्टेशनरीचं दुकान, बसस्टँडजवळ, लोणार' एवढंच घातलं आहे. दुकानाचं नाव मला माहीत नाही, आणि आपल्या घरात ते विचारायची सोय नाही.

फोन का केला नाही, असं तुला वाटेल. नंबर मिळवता आला असता. पण फोनवर माझ्या तोंडून 'सगळं ठीक आहे' पटकन निघून जातं, आणि एकदा ते निघालं की पुढचं सगळं त्याला धरूनच बोलावं लागतं. कागदावर हात जरा थांबतो.

तू घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेलीस तेव्हा मी नववीत होते. आता कॉलेज झालं. कॉम्प्युटरची पदवी घेतली. वर्षाच्या सुरुवातीला पुण्यात एका कंपनीत लागले, प्रोग्राम लिहायचं काम. ऑगस्टपासून घरी आहे. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली आहे. वरच्या खोलीत, खिडकीपाशी टेबल टाकलंय. मला झटके यायचे म्हणून शाळेत घातलं नव्हतं, तेव्हा चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे तू आणि ती खिडकी. तिथे बसले की तुझी आठवण येते, आणि काम होत नाही.

भागाकाराचं उत्तर आलं तरी तू पाटी पुसू द्यायची नाहीस. "ताळा कर" म्हणायचीस. उत्तराला भाजकाने गुणायचं, बाकी मिळवायची, पहिली संख्या परत आली तरच उठायचं. आत्या, मी अजून तशीच आहे. गॅसचं बटण बंद केलं की पुन्हा जाऊन बघते. कडी लावली की हलवून बघते. प्रोग्राम चालला तरी विश्वास बसत नाही, तो चुकून चालला असेल असंच वाटतं.

मला एक विचारायचं आहे. संक्रांतीच्या आत ठरवायचं आहे म्हणून विचारते. वरवटच्या एका पतसंस्थेत क्लार्कची जागा निघाली आहे, बाबांनी शब्द टाकला आहे. दुसरीकडे राखी आहे. कॉलेजात माझ्याबरोबर होती. तिने खामगावला एक गाळा घेतला आहे आणि ठिबकचे वॉल आपोआप उघडबंद करणारा डबा बनवते. तारा, खोकी, शेतकऱ्यांशी बोलणं सगळं ती बघते. डब्याच्या आतला प्रोग्राम कुणीतरी लिहायला हवा. ती म्हणते, "अबे योगे, येशीन तं पुरी ये. एक पाय घरात ठिवून नको येऊ."

मला पुरी जायची भीती वाटते. तू गेलीस तेव्हा तुला वाटली होती का? वाटली असेल तर ती कधी गेली?

तुझी,
योगिनी

ता. क. तुझ्या यजमानांना नमस्कार लिहायचा होता. त्यांना मामा म्हणावं की नाही ते कळेना. आपल्या घरात त्यांना कुणी काही म्हणतच नाही.


सोनाळा,
२ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन कधी येऊन गेला कळलंच नाही. दारातल्या बाबांच्या खुर्चीवर पालथं पडलेलं होतं. बाबा वावरात गेलेले होते म्हणून बरं.

तू चारच ओळी लिहिल्यास. त्यातली तिसरी मी इतकी वाचली की ती आता डोळे मिटले तरी दिसते. 'नोकरी असताना दुसरी कशाला शोधतेस? काढलं का तुला?'

हो. काढलं.

घरी कुणाला सांगितलेलं नाही. सकाळी आंघोळ करून वर जाते, लॅपटॉप उघडते, आई चहा आणून ठेवते आणि पाय न वाजवता खाली जाते. तिचं ते हळू जाणं मला सहन होत नाही.

माझ्या हातून पुण्यात काही बिघडलं नाही. तेच त्यांचं म्हणणं होतं. ज्यांच्या हाताखाली मी होते ते म्हणाले, "तुझ्या कामात चूक नसते, पण काम संपतच नाही." खरं होतं. दुसरे दुपारी काम देऊन चहाला जायचे तेव्हा मी तिसऱ्यांदा तपासत असायचे. एकदा मीटिंगमध्ये मला काही विचारलं आणि मी घाईत 'हो'ऐवजी "हाव" म्हणाले. सगळे हसले. वाईट हसले नाहीत, पण त्यानंतर चहाच्या वेळी कुणीतरी मला बघून "हाव" म्हणायचं. मग मी मीटिंगमध्ये बोलायचंच बंद केलं. विचारायचं ते विचारेनाशी झाले आणि स्वतःच शोधत बसले, त्याने वेळ आणखी गेला. प्रोबेशन संपायच्या आधी त्यांनी बोलावून राजीनामा लिहून घेतला. निघताना पाणी प्यायला ग्लास दिला. मी तो न पिताच ठेवला.

आता चालू काम. राखीच्या डब्याचा प्रोग्राम मी लिहिला आहे. अजून 'येते' म्हटलेलं नाही, नुसता लिहून दिला. मातीत एक दांडी रोवलेली असते, ती ओल मोजते. माती सुकली की वॉल उघडतो, भिजली की बंद होतो. पंपाला ऑटो आहेच, विजेची लाईन आली की तो आपला सुरू होतो.

राखी खामगावची, तिच्या घरी शेती नाही. संत्र्याच्या बागेला थंडीत पाणी तोडतात हे ऐकून ती चाटच पडली. मी तिला समजावलं, की झाड मुद्दाम तहानलेलं ठेवायचं, त्याला ताण म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात, बघवत नाही. पण महिना-दीड महिना तसं राहिलं आणि मग जानेवारीत पाणी सोडलं की झाड एकदम फुलावर येतं, तो आंबिया बहार. मधेच पाणी मिळालं तर झाड फुलं सोडून देतं आणि नुसती पालवी काढतं. वर्षाचं पीक गेलं. राखी म्हणाली, "म्हंजे झाडाले उपाशी ठिवून कामाले लावता तुम्ही. कंपनीवाले परवडले."

म्हणून डब्यावर एक वेगळं बटण ठेवलं आहे. ते दाबलं की दांडी काहीही सांगो, वॉल उघडायचा नाही.

बाबांनी आपल्या बागेत डबा लावू दिला नाही. "आपल्या झाडायवर शिकू नको," म्हणाले. शेजारच्या माणिककाकांनी मात्र हौसेने लावून घेतला. काकांची आई, आपली गोजरआजी, त्याला 'योगिनीचा खोका' म्हणते आणि रोज त्यावरची धूळ पदराने पुसते. परवा काकांनी स्वतःच्या हाताने बटण दाबून बाग ताणावर सोडली.

त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. काका यंदा मुलीच्या घरी जाऊन राहणार आहेत, तिचं बाळंतपण आहे. ते पाणी सोडायला विसरले तर? ताण जास्त झाला आणि झाडंच वाळली तर? झाड एकदा वाळलं की त्याला ताळा नाही. म्हणून मी प्रोग्राममध्ये आणखी एक ओळ घातली. माती अगदीच कोरडी पडली आणि तशीच राहिली, तर बटण दाबलेलं असलं तरी वॉल उघडायचा. नुसती काळजी म्हणून. राखीलाही सांगितलं नाही, ती हसली असती.

ती ओळ घातल्यावर मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

तुझी,
योगिनी


सोनाळा,
२० डिसेंबर २०२५

आत्या,

माझ्या हातून झालं.

आज सकाळी दुधाचं भांडं घेऊन गोजरआजीकडे निघाले होते. बागेच्या कडेने जाताना पाण्याचा आवाज आला. तुला तो आवाज माहीत आहे, ठिबकच्या नळ्या भरताना येतो तो, आधी फुरफुर आणि मग काहीच नाही. वरच्या अंगाच्या प्रत्येक झाडाखाली ओलं वर्तुळ झालेलं होतं. काळं, गोल, नीटनेटकं.

मी भांडं तिथेच टाकून धावले आणि पंप बंद केला. खालच्या अंगाचा वॉल अजून उघडायचा होता. तिकडची माती पांढरी होती.

आधी वाटलं, कुणीतरी बटण सोडलं असेल. बटण दाबलेलंच होतं. काकांनी दाबलं तसं. मग मला कळलं की कुणी काही केलेलं नाही. डब्याने मी सांगितलं तेवढंच केलं.

राखीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यायले सांगतलं का?" मी म्हटलं, नाही, काका मुलीकडे आहेत, परवा येणार. ती म्हणाली, "मंग थांब जरा. दोन दिसात वरची माती सुकते. फुलं आले तं आले, नाही आले तं यंदा थंडीच कुठं पडली? आभाय पन येऊन राह्यलं. लोकं हवामानालेच बोलतीन."

ती वाईट मुलगी नाही, आत्या. तिने गाळ्यासाठी आईच्या पाटल्या मोडल्या आहेत. आणि ती म्हणते ते खरं आहे. कुणी हवामानाच्या पलीकडे विचारणार नाही.

आज दिवसभर मी वर बसून होते. आई चहा ठेवून गेली. मी ऊन कसं आहे ते बघत होते, ओलं वर्तुळ सुकेल का ते. ते सुकावं असं मला वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचीच जास्त भीती वाटत होती.

हे पत्र तुला पोचेपर्यंत काय ते होऊन गेलेलं असेल.

योगिनी


सोनाळा,
२३ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

सांगितलं.

काल दुपारी गेले. माणिककाका ओट्यावर बसले होते, आजी तुरीच्या शेंगा सोलत होती. मला बघून काका म्हणाले, "ये वं योगिनी. नातू झाला मले. तूच पेढे खायाले आली, का तुह्याकडचे काई आणले?"

आजी म्हणाली, "तिच्याकडचे पेढे तं आता जवाई पाह्यल्यावरच."

मला बसवेना. उभ्यानेच सांगितलं. वरच्या झाडांना पाणी गेलं म्हणून. काकांचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं.

"कितीक गेलं?"

"सकाळी लाईन आल्यापासून मी पोचतोवर. खालच्याले नाही गेलं."

"पन थे बटन तं मी सोताच्या हातानं दाबलं होतं."

"बटन बरोबर होतं, काका. मीच त्याच्यावर आनखीन एक ओळ टाकली होती. माती लई सुकली तं झाड मरू नाही म्हनून."

"झाड मरते म्हनून कोनं सांगतलं तुले?"

"कोनीच नाही."

"मंग?"

"मले भेव वाटलं."

काका ओट्यावरून उठले. "तुले भेव वाटलं म्हनून तू माह्या झाडायले पाणी पाजलं?"

आजीने शेंगा बाजूला सारल्या. "अन् अर्ध्यायलेच पाजलं? अर्धे उपाशी ठिवले? असी कसी वाढते वं तू? सासरी गेली तं पंगत उठून जाईन."

कुणी हसलं नाही. आजीसुद्धा नाही.

काकांनी आतून पक्कड आणली आणि बागेकडे निघाले. मी मागून. वरच्या अंगाची पानं दोनच दिवसांत टवटवीत झाली होती. दुसऱ्या कोणत्याही दिवशी ती बघून बरं वाटलं असतं. काकांनी एक फांदी खाली ओढली, डोळ्यांजवळ धरली, सोडून दिली. मग डब्याच्या तारा तोडल्या आणि डबा माझ्या हातात दिला.

"तुह्या बापानं काऊन नाही लावू देला थ्याच्या बागेत?"

"ते म्हने, आपल्या झाडायवर शिकू नको."

"म्हनून माह्या झाडायवर शिकली."

मी डबा घेऊन घरी आले. तो जड नाही, पण रस्त्यात दोनदा खाली ठेवावा लागला.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. बागेचं सांगितलं, आणि सुरुवात झालीच होती म्हणून पुण्याचंही सांगितलं. आई रडायला लागली. बाबा म्हणाले, "मले मालूम होतं."

"कवापासून?"

"घरून काम करनाऱ्याले फोन येते. तुहा फोन तं कवाच वाजत नव्हता."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तूच सांगशीन म्हटलं."

आई आत गेल्यावर म्हणाले, "आता पतसंस्थेत जाय. तिथं एकट्याच्या हातात काई नसते. तुह्या जीवाले तेच बरं." रागाने नाही म्हणाले. तेव्हापासून तेच कानात आहे.

माणिककाकांनी ताण चालूच ठेवायचं ठरवलं आहे. वरच्या अंगाला पुन्हा नव्याने सुकवायचं, म्हणजे पाणी उशिरा सोडायचं, दोन्ही अंगांना. फुलं येतील की नाही ते फेब्रुवारीतच दिसेल. तोवर कुणालाच काही सांगता येत नाही.

संक्रांत त्याच्या आधी आहे.

तुझी,
योगिनी


सोनाळा,
११ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

तुझं पत्र या वेळी पाकिटातून आलं, मोठं. तेही खुर्चीवर होतं.

तू पहिल्या पानावर मला रागावलीस ते मान्य. दुसऱ्या पानावर जे लिहिलंस ते वाचून मी आधी हसले आणि मग कितीतरी वेळ खिडकीत बसले. 'योगे, ताळ्याचं एवढं मनावर घेतलंस होय? अगं, अभ्यास संपला की माझी आई मला भाकरी टाकायला खाली बोलवायची. ताळा चालू आहे म्हटलं की बोलवायची नाही. म्हणून मी तुला तीन-तीनदा करायला लावायचे.'

मी बावीस वर्षांची झाले, आत्या. मला वाटत होतं, तो नियम आहे.

भीतीबद्दल मी पहिल्या पत्रात विचारलं होतं. त्याचं उत्तर तू शेवटी एका ओळीत दिलंस. 'गेली नाही. दुकानात कुणी सोनाळ्याकडचं आलं तर अजून हात गार पडतात. पण दुकान उघडते.' ती ओळ मी कुठे लिहून ठेवली नाही, पाठच झाली.

आता पतसंस्थेचं. गुरुवारी बाबांबरोबर वरवटला जाऊन आले. तिथले मॅनेजर मफलर बांधून बसले होते, चांगले आहेत. मला खुर्ची दाखवली, काचेच्या मागची. म्हणाले, "इथं बाई, चूक होत नाही. झाली तरी आपली नसते. वर दोन सह्या असतात." ते ऐकून माझे खांदे खाली आले. खरंच आले, मला जाणवलं. त्यांनी मागवलेला आलुबोंडा मी पूर्ण खाल्ला. इतक्या दिवसांत पोटाने मागून घेतलेलं ते पहिलं खाणं.

बसने परत येताना माणिककाकांची बाग लागली. काका वरच्या अंगाला उभे होते, एकटे, पाठीमागे हात बांधून झाडं बघत. आणि मला एकदम आठवलं, की ती ओळ अजून तिथेच आहे.

आमच्या बाजूला पाच-सहा गावांत राखीचे डबे बसायचे आहेत. प्रोग्राम तोच. मी पतसंस्थेत गेले तर राखी दुसऱ्या कुणाला तरी घेईल. तो माझा प्रोग्राम उघडेल, ती ओळ वाचेल आणि त्याला ती शहाणपणाची वाटेल. झाड मरू नये म्हणून कुणी तरी काळजी घेतली आहे, असंच वाटेल. कोण काढेल ती? ती वाचायला चांगली आहे, आत्या. ती काय करते ते मी बघितलं आहे, त्या काळ्या वर्तुळांवर उभी राहून.

घरी येऊन वर गेले आणि ती पुसली. पुसताना भीती वाटली, कारण आता झाड खरंच वाळू शकतं. मग त्या जागी दुसरं लिहिलं. माती फार सुकली तर डबा काही करणार नाही. मालकाला फोन लावेल आणि विचारेल. मालक हो म्हणाला तरच वॉल उघडेल. मालकाने फोन उचलला नाही तर पुन्हा लावेल. तेवढंच.

राखीला पाठवलं आणि फोन केला. ती म्हणाली, "मंग हे ऑटोमॅटिक कायचं बे? फोन करून तं माही मायही विचारते."

मी म्हटलं, हे असंच राहील. आणि जिथे डबा लावायचा तिथे आधी जाऊन सांगायचं, की माणिककाकांच्या बागेत काय झालं. माझं नाव घेऊन सांगायचं. हे कबूल असेल तर मी येते.

"कोन घेईन मंग डबा?"

"माहीत नाही."

ती म्हणाली, "पुरी येशीन?"

मी "हाव" म्हणाले.

पतसंस्थेला नाही म्हणून कळवलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. ताटातलं संपवलं, हात धुतले, टोपी घातली आणि बाहेर गेले. अजून माझ्याशी नीट बोललेले नाहीत. आईने विचारलं, "तुले भेव नाही वाटत काय आता?" मी म्हटलं, वाटते. पहिल्यापेक्षा जास्तच. आधी मला कुठल्या तरी चुकीची भीती वाटायची. आता मला ती चूक माहीत आहे, तिला पानं आहेत, आणि ती रस्त्याच्या कडेला उभी आहे.

तुझी,
योगिनी


खामगाव,
२३ फेब्रुवारी २०२६

प्रिय आत्या,

पत्ता बदललेला बघून तू ओळखलं असशील. राखीच्या गाळ्याच्या मागे एक खोली आहे, तिथे असते. शनिवार-रविवार सोनाळ्याला जाते. चार बागायतदारांकडे जाऊन आलो. माणिककाकांच्या बागेचं सांगितल्यावर दोघांनी चहा पाजून वाटेला लावलं. एकाने आधी काकांना विचारून येतो म्हटलं. चौथ्याने डबा घेतला, पण तारा जोडताना तो माझ्याकडे असा बघत होता की मला स्क्रू सापडेना.

फुलं आली.

तुला कसं सांगू. माणिककाकांची बाग आता रस्त्यावरून दिसते. खालचं अंग पांढरं झालं आहे, पानं दिसत नाहीत इतकं. वास बसमध्ये येतो, लोक माना वळवतात. आणि वरचं अंग हिरवंगार आहे. कुठे कुठे एखादा पांढरा झुबका, बाकी नुसती पालवी. मधे जिथे पहिल्या वॉलची हद्द संपते तिथे सरळ रेघ आहे, दोरी लावून ओढल्यासारखी. ती रेघ मी ओढली आहे. जाणारा येणारा विचारतो, आणि गोजरआजी प्रत्येकाला सांगते, "आमच्या योगिनीनं वाढलं ना असं."

काल काकांकडे गेले. वर्षभर दिसेल असं नुकसान समोर ठेवून त्यांच्यापुढे उभं राहायचं होतं. काका म्हणाले, "यापारी आल्ता. अर्ध्याच बागेची बोली केली त्यानं." मी मान खाली घातली. मग म्हणाले, "थ्या खोक्यात आता काय टाकलं तू?" मी सांगितलं. फोन लावतो, विचारतो, तुम्ही हो म्हटल्याशिवाय काही करत नाही.

"अन् म्या फोन नाही उचलला तं?"

"तं थो पुन्हा फोन लावीन."

"अन् झाड वाळलं तं?"

मी म्हटलं, वाळू शकते. काका "बरं," म्हणाले. "उन्हाळ्यात पाहू. आता बोलू नको त्याच्याबद्दल." डबा लावीन म्हणाले नाहीत, लावणार नाही असंही म्हणाले नाहीत. मी तेवढंच घेऊन आले.

हे लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. आज सकाळी निघताना बाबा मला सोडायला बसथांब्यापर्यंत आले. जानेवारीपासून पहिल्यांदा. बस यायची होती. समोर काकांची बाग होती, अर्धी पांढरी. बाबा तिकडे बघत म्हणाले, "तुह्या आत्याले लिहून राह्यली ना तू?"

माझे हात गार पडले. "तुम्हाले कोनं सांगतलं?"

"कार्ड काय सोताहून खुर्चीवर जाऊन बसते?"

ते कार्ड, आत्या. पालथं ठेवलेलं. आणि मग ते मोठं पाकीट.

बाबा म्हणाले, "लिही तिले. माणिकचा बहार फुटला म्हना. अर्धा."

"अजून काय लिहू?"

"आपला पुरा फुटला म्हना." बस वळणावर दिसली तेव्हा पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "पाह्याचा असन तं झडायच्या आंधी पाह्यलं पाह्यजे. आठ-धा दिवस ऱ्हाते आता."

मी विचारलं. कसं विचारलं ते माझं मलाच कळत नाही. "दोघायले लिहू?"

बाबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "खामगावले गाडी बदलाव लागते," म्हणाले. "येवढ्या दूरून एकटी कसी येईन थे."

बस सुटेपर्यंत ते तिथेच उभे होते.

जसं म्हणाले तसं लिहिलं आहे. वाचून तपासलेलं नाही, असंच पाकिटात घालते, नाही तर आजची डाक चुकेल. खामगावला उतराल तेव्हा मी स्टँडवर असेन.

मामांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
योगिनी